पाचाचे दहा झाले : दिवाळीतल्या एका फराळ उद्योगाचं प्रकरण

मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितो. जीएसटीचं रिटर्न भरायचं, बँकेचं स्टेटमेंट टॅलीत उतरवायचं, वर्षाअखेरीला सीएंकडे फाईल द्यायची, एवढंच काम. त्यामुळे फसवणूक माझ्यापर्यंत पोचते ती स्टेटमेंटमधली एक ओळ होऊन : तारीख, रक्कम आणि पुढे एक अनोळखी नाव. ऑक्टोबर २०२४ च्या एका स्टेटमेंटमध्ये अशा पाच ओळी सापडल्या. चार नावे, म्हणजे पैसे गेल्याच्या, एक जमा. ज्या घरातल्या त्या ओळी आहेत, त्या घरच्या मोठ्या बाईंना मी काकू म्हणतो. ओळख पटेल असे तपशील आणि आकडे बदलून लिहितोय. पद्धत जशी होती तशीच ठेवली आहे.

चिंचवडला तळमजल्यावरचा फ्लॅट. एरवी पोळी-भाजीचे डबे, दिवाळीत फराळ. दसरा झाला की भाऊबीजेपर्यंत जे तीन-चार आठवडे मिळतात, त्यांत वर्षाची निम्मी कमाई. भाजणी आणि पाक काकूंकडे. फोन, पॅकिंग आणि पैसे सुनेकडे. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो आणि सुट्टी असेल तेव्हा डिलिव्हरी करतो. सिझनला मदतीला पाच बायका. खातं सुनेच्या नावावर, यूपीआय तिच्याच फोनवर, ऑर्डरीही त्याच फोनवर. धंद्याचा सगळा पैसा आणि सगळं गिऱ्हाईक असं एकाच मोबाईलमध्ये नांदत होतं. तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही, आणि मी तर महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे चहा पितो.

फोन आला शुक्रवारी, २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी. सोमवारी वसुबारस. पलीकडचा माणूस हिंदी बोलणारा आणि फार अदबशीर. देहूरोडला युनिट आहे, जवानांना दिवाळीचा फराळ वाटायचा आहे, मंगळवारी धनत्रयोदशीला सकाळी गाडी पाठवतो, म्हणाला. चिंचवडच्या माणसाला यात काहीच नवल वाटत नाही. देहूरोडची छावणी जवळच आहे आणि तिथल्या क्वार्टर्समधून काकूंकडे खऱ्याखुऱ्या ऑर्डरी येतात. यादीही चोख होती : ४० किलो चिवडा, २५ किलो चकली, २० किलो शंकरपाळे, ३० किलो बेसनाचे लाडू. एकूण ६१,००० रुपये. घासाघीस नाही. थोड्या वेळाने व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखपत्राचा आणि कॅन्टीन कार्डाचा फोटो आला, दोन्हींवर गणवेशातला तोच चेहरा.

सुनेने अर्धे आगाऊ मागितले, ३०,५०० रुपये. तो म्हणाला, "बिल्कुल मॅडम, कल हमारे अकाउंट्स वाले साहब फोन करेंगे." म्हणजे तिने नियम पाळला होता. बुकिंगची वही मी पाहिली आहे. त्या ऑर्डरीपुढे तिने लाल पेनाने लिहिलंय, 'अ‍ॅडव्हान्स बाकी'. पण सोमवारच्या आत ११५ किलो माल करायचा तर थांबून कसं चालेल? शुक्रवारी रात्रीच पातळ पोहे भाजायला घेतले.

काकू नंतर मला म्हणाल्या, "भाव न करणारं गिऱ्हाईक तेव्हाच खटकायला हवं होतं." मला हे पटत नाही. दिवाळीत घाईतली गिऱ्हाइकं भाव करत नाहीत, तीस वर्षं धंदा केलेल्या काकूंना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घडून गेल्यावर प्रत्येक गोष्ट खूण वाटू लागते.

शनिवारची वीस मिनिटं

२६ तारीख, चौथा शनिवार. बँक बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. समोर गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर नकाशासारखं काहीतरी. सून अनारसे तळत होती. तुपाचा ताव गेला की अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरतो, हे ज्यांनी घरी केलंय त्यांना सांगायला नको, त्यामुळे तिने फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि झाऱ्या हातात धरूनच बोलायला लागली.

साहेबांचं म्हणणं असं : आर्मीचं पेमेंट साधं नसतं. व्हेंडरचं खातं आधी 'व्हेरिफाय' करावं लागतं. तुम्ही पाच रुपये पाठवा, सिस्टीम दहा परत करेल. त्यांनी क्यूआर पाठवला. तिने तो उघडला, पाच रुपये टाकले, पिन दाबला. अर्ध्या मिनिटात दहा रुपये जमा. स्टेटमेंटमधल्या पहिल्या दोन ओळी या.

मग ते म्हणाले, आता व्हेंडर कोड टाकायचा. त्याच क्यूआरवर, त्याच रकमेच्या चौकटीत. कोड त्यांनी एकेक अंक सुटा करून सांगितला : थ्री, झीरो, फोर, नाईन, नाईन. असं ऐकलं की तो आकडा तीस हजार चारशे नव्याण्णव वाटतच नाही, ओटीपीसारखा वाटतो. तिने टाकला. पिन मागितला, दिला. पडद्यावर वरून बँकेचा मेसेज घसरत आला, तर साहेब लगेच म्हणाले, "वो सिस्टम का मेसेज है, कॉल मत काटिए." मग म्हणे कोड फेल झाला, दुसरा घ्या : टू, फोर, नाईन, नाईन, एट. मग तिसरा : वन, नाईन, नाईन, नाईन, नाईन. चौथा टाकला तेव्हा अ‍ॅपने नकार दिला. दिवसाची एक लाखाची मर्यादा ओलांडली जात होती. तोवर गेले होते ७५,४९६ रुपये.

खरा हावरेपणा इथे दिसतो, आणि तो समोरच्याचा होता. चौथा कोड चालेना तेव्हा त्याने विचारलं, घरात आणखी कुणाकडे यूपीआय आहे का? सून नवऱ्याला उठवायला गेली. तो रात्रपाळी करून झोपला होता. त्याने डोळे चोळत तिचं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "अगं, पैसे येतायत की जातायत?" ती परत ओट्यापाशी आली तोवर कॉल कटला होता आणि कढईतले अनारसे काळे पडले होते.

तिला माहीत होतं

या घरातल्या फ्रिजवर एक स्टिकर आहे : पैसे घेताना पिन लागत नाही. तो सुनेनेच लावलाय. कामाला येणाऱ्या बायकांना ती हे समजावून सांगते. शनिवारी दुपारी तिला विचारलं असतं, तर तिने न अडखळता सांगितलं असतं. तरी तिने पिन टाकला. पाच रुपयांसकट चारदा, आणि मर्यादेने अडवलेला पाचव्यांदा.

मी तिच्याबरोबर बसून त्या आठवड्याचं स्टेटमेंट वाचलं. सोमवार ते शुक्रवार रोज पंधरा-वीस वेळा पैसे गेलेले : किराणा, डाळीचं दळण, तुपाचे डबे, पुठ्ठ्याची खोकी, टेम्पो, बायकांची उचल. म्हणजे पाच दिवसांत पाऊणशे ते शंभर वेळा तिच्या अंगठ्याने तेच आकडे त्याच क्रमाने दाबले होते. हात शिकून गेला होता, डोकं विचारात घ्यायची गरजच उरली नव्हती. त्यात ते पाच रुपये. फसवणाऱ्यांच्या या युक्तीचं मला, वाईट वाटून का होईना, कौतुक वाटतं. पाच देऊन दहा मिळाले म्हणजे नफा झाला असं तिला मुळीच वाटलं नव्हतं. पिन टाकला आणि पैसे आले, एवढं तिच्या बोटांनी पाहिलं. फ्रिजवरचं वाक्य अर्ध्या मिनिटात खोटं ठरलं.

म्हणून "लोभाला बळी पडू नका" हा नेहमीचा उपदेश इथे लागू पडत नाही. तिला कुणी लॉटरी लावली नव्हती. तिला तिच्या घामाची अर्धी रक्कम मिळणार होती, तीही तिनेच मागितलेली. सणासुदीत धंदेवाल्यांकडे भामटा येतो तो गिऱ्हाईक होऊन, आणि गिऱ्हाइकाला खोळंबून ठेवणं त्या आठवड्यात कुणालाच परवडत नाही.

आणखी एक. यूपीआयमध्ये एका माणसाने दुसऱ्याकडे पैशाची मागणी पाठवायची जी सोय होती, ती 'कलेक्ट रिक्वेस्ट', यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली. चांगलं झालं. पण या प्रकरणात ती वापरलेलीच नव्हती. इथे तिने स्वतः क्यूआर उघडून, स्वतः रक्कम टाकून पैसे ढकलले. अ‍ॅपने नावही दाखवलं होतं, एका बाईचं. "अकाउंट्स ऑफिसर का नाम है," एवढ्यावर ते निभावलं. नियम कितीही आले तरी चौकटीत आकडा टाकणारा हात आपलाच राहणार.

१९३० आणि त्यानंतर

४ वाजून ३१ मिनिटांनी कॉल कटला, १९३० या हेल्पलाइनला फोन लागला ५ वाजून ५ मिनिटांनी. मधली चौतीस मिनिटं कुठे गेली? आधी रडण्यात, मग बँकेच्या बंद शाखेचा नंबर फिरवण्यात, मग त्याच 'साहेबां'ना पुन्हा पुन्हा फोन करण्यात. शिवाय सुनेने शरमेने व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं पुसून टाकलं. सासूबाईंनी पाहू नये म्हणून. ही चूक फार घरांत होते. नंबर कॉल लॉगमध्ये आणि क्यूआर गॅलरीत शिल्लक होता म्हणून बरं, नाहीतर पोलिसांना दाखवायला हातात काही उरलं नसतं.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर. तो सुट्टीच्या दिवशीही चालू असतो. तिकडून विचारतात ते नाव, बँक, रक्कम, वेळ आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो, पण थरथरत्या हाताला सापडायला वेळ लागतो. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले तिला सूचना जाते आणि तिथे पैसे उरले असतील तर ते अडवले जातात. पुढच्या बँकेत सरकले असतील तर पुढच्या बँकेला. ही शर्यत आहे, आणि भामटा अर्धा तास आधी सुटलेला असतो. मग केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तीच तक्रार तपशिलाने पुरी करायची.

या घराच्या वाट्याला काय आलं? पहिले ३०,४९९ दुसऱ्या राज्यातल्या एटीएममधून काढले गेले होते. दुसऱ्या रकमेतले काही हजार तिसऱ्या खात्यात अडकले. शेवटचे १९,९९९ जागच्या जागी सापडले. अडवलेले पैसे तेव्हा आपोआप परत येत नव्हते. पोलिसांकडे गुन्हा, मग मॅजिस्ट्रेट कोर्टात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, मग बँकेला आदेश. २०२५ च्या आषाढी एकादशीच्या सुमारास सगळे मिळून २६ हजारांच्या थोडे वर परत आले. मी तर धरूनच चाललो होतो की काहीच येणार नाही.

बँकेकडून भरपाई मिळेल अशी काकूंना आशा होती. तेव्हा लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने बरंच काही बोलत होतं. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही, आणि तिसऱ्याच कुणाची असेल तर तीन कामाच्या दिवसांत कळवलं की नाही. पण ग्राहकाच्या हलगर्जीने पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. शाखेतल्या साहेबांनी वसुबारसेच्या दिवशी दोन मिनिटांत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय. सांगण्याची पद्धत रुक्ष होती, म्हणणं नियमाला धरून होतं.

फोटोबद्दलही सांगायला हवं. काकूंनी त्या ओळखपत्राचा फोटो 'हा चोर आहे' म्हणून सोसायटीच्या आणि माहेरच्या मिळून अकरा ग्रुपांवर टाकला होता. मी तो काढायला लावला. तो चेहरा बहुतेक एखाद्या खऱ्या जवानाचा असणार, ज्याचं कार्ड अशाच कुणीतरी कधीतरी मागून घेतलं असेल. लष्कर असो, शाळा असो की मोठी कंपनी, विक्रेत्याला पैसे देण्यासाठी त्याच्याकडून आधी पैसे घ्यावे लागतात अशी कुठलीच पद्धत अस्तित्वात नाही.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, २,९९९ रुपये प्रोसेसिंग फी भरा." यावेळी फोन काकूंनी घेतला. त्या काय बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही.

आणि माल? चिवडा झालेला होता, बेसन भाजून ठेवलेलं, शंकरपाळ्यांचं पीठ मळलेलं. मुलाने सोसायटीच्या गेटवर टेबल टाकलं आणि भाऊबीजेपर्यंत दर किलोमागे शंभर रुपये कमी करून जवळपास सगळं खपवलं. मदतनीस बायकांची मजुरी ठरल्याप्रमाणे दिली. त्या दिवाळीत घरात नवीन कपडे आले नाहीत, एवढं मला माहीत आहे. बाकीचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग काय बदललं

पाडव्यानंतर आम्ही चौघं बसलो. मी एकच म्हणालो, की सावध राहा हा सल्ला मी देणार नाही. सावध तुम्ही होताच. ऐन गर्दीत डोकं चालणार नाही असं गृहीत धरून घर लावू या.

ऑर्डरी घ्यायला मुलाचा जुना फोन आणि नवं सिमकार्ड. त्यावर फक्त व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय नाही. आता समोरचा कितीही गोड बोलला तरी त्या फोनमधून पाच रुपयेसुद्धा जाऊ शकत नाहीत. येणारे पैसे क्यूआर आणि साउंडबॉक्स जोडलेल्या वेगळ्या खात्यात. त्या खात्याचं यूपीआय कुठल्याच मोबाईलवर सुरू केलेलं नाही. खर्चाचं जुनं खातं सुनेच्या फोनवर आहेच, पण त्यात आठवड्याच्या सामानापुरते पंधरा हजार ठेवायचे आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन दिवसाची मर्यादा वीस हजारांवर आणलेली. त्या शनिवारी एक लाखाच्या मर्यादेनेच चौथी रक्कम वाचवली होती, मग ती आणखी खाली का नको? किराणा दुकानदाराला दर सोमवारी चेक. पहिले दोन आठवडे तो कुरकुरला.

गॅस चालू असताना पैशाचं बोलायचं नाही, हा नियम काकूंचा. माझ्या सगळ्या खात्यांपेक्षा तोच मला जास्त कामाचा वाटतो. "हात खरकटे आहेत, अर्ध्या तासाने करते" असं म्हटलं की खरं गिऱ्हाईक थांबतं.

साउंडबॉक्सचा एक फायदा वेगळाच निघाला. २०२५ च्या दिवाळीत एक तरुण 'पेमेंट सक्सेसफुल'चा हिरवा स्क्रीनशॉट दाखवून चार किलो चकली उचलायला आला. बॉक्स बोलला नाही. काकू म्हणाल्या, "बाळा, डबा बोलला की चकली." तो गाडीवरून पाकीट आणतो म्हणून गेला तो गेलाच. असे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅपं आहेत, आणि गर्दीच्या काउंटरवर ती सर्रास चालून जातात. त्याच सिझनला सुनेला लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी, फाईलही आली होती. तशी फाईल इन्स्टॉल केली की फोनवर येणारे ओटीपी तिसऱ्याच्या हाती जाऊ शकतात. पण ती आली ऑर्डरींच्या फोनवर. त्यात बँकेचं काही नव्हतंच, तिने ती तिथल्या तिथे पुसली.

या व्यवस्थेची किंमतही आहे. २०२५ च्या दसऱ्यानंतर एका कंपनीच्या एचआरमधून १५० खोक्यांची चौकशी आली. अर्धे आगाऊ, आणि ते आमच्याच क्यूआरवर, असं सांगितल्यावर त्या बाई म्हणाल्या की आमचं पेमेंट महिन्याने होतं. खऱ्या कंपन्यांचं होतंही तसंच. सुनेने नाही म्हटलं. ती ऑर्डर बहुधा खरी होती. नव्वद हजारांच्या आसपासची.

आता त्या दहा रुपयांबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये एके सकाळी सुनेचं जुनं खातं बंद पडलं. ना यूपीआय, ना चेक. बँकेत गेल्यावर कळलं की परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून ते थांबवलंय. ज्या खात्यातून त्या शनिवारी दहा रुपये आले होते, त्यात दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले पैसे जमा झाले होते. त्या माणसाने तक्रार केली, आणि पैशांचा माग काढत काढत पत्र इथवर पोचलं. सामानापुरता ठेवलेला पैसा त्यात अडकला. १९३० च्या तक्रारीची पोच, कॉल लॉग, स्टेटमेंट असं सगळं तिकडच्या ठाण्याला ईमेल केलं, नऊ दिवसांनी खातं सुटलं. होल्ड उरला तो फक्त दहा रुपयांवर.

तो अजून आहे. फसवणुकीत गेलेल्या रकमेच्या नोंदी मी सीएंना विचारून मार्गी लावल्या, पण हे दहा रुपये कुठल्या खात्यात घालायचे ते मला ठरवता येईना. विक्री नाही, व्याज नाही, परतावा नाही. कुठलं खातं ते ठरेपर्यंत रक्कम ठेवायची जागा म्हणजे उचंत खातं, त्यात ठेवलेत. मार्चमध्ये फाईल चाळताना सीएंनी पेन्सिलने त्यावर गोल केला आणि विचारलं, हे कुणाचे?